हुकूमशहाला खरं कोण सांगणार?

२१ फेब्रुवारी २०२२ ची ती क्लिप बऱ्याच जणांनी बघितली असेल, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर जाम फिरत होती. क्रेमलिनमधला भलामोठा हॉल, एका टोकाला टेबलामागे पुतिन एकटे, आणि पार लांब खुर्च्यांवर त्यांचे मंत्री नि सुरक्षा अधिकारी. एकेकाला माइकपाशी बोलवून विचारलं जातंय, युक्रेनमधल्या दोन फुटीर प्रदेशांना मान्यता द्यायची का. परदेशी हेरखात्याचे प्रमुख सर्गेई नारिश्किन उठतात आणि त्यांची त-त-प-प सुरू होते. पाठिंबा देईन म्हणतात, पुतिन मध्येच तोडतात, देईन की देतो, नीट सांगा. मग गडबडून ते पुढचंच बोलून जातात, की हे प्रदेश रशियात सामील करून घ्यायला माझा पाठिंबा आहे, त्यावर पुतिन म्हणतात तो विषयच नाहीये, आपण मान्यतेबद्दल बोलतोय. तीन दिवसांनी युद्ध सुरू झालं.

हा कोणी साधा कारकून नव्हे. जगात खरं काय चाललंय ते साहेबांना सांगणं हेच ज्याचं काम, तो माणूस साहेबांना काय ऐकायचंय ते शोधताना घामाघूम झालेला सगळ्या जगाने बघितला. पुढे महिनाभराने अमेरिकेचे अधिकारी उघड बोलायला लागले की पुतिनचे सल्लागार त्यांना युद्धाची खरी परिस्थिती सांगत नाहीयेत. अमेरिका काय, बोलणारच तसं, ते बाजूला ठेवू. ती क्लिप पुरेशी आहे.

तेव्हा आमच्याकडे नाक्यावर, गाडीत, लग्नाच्या मांडवात सगळीकडे एकच प्रश्न होता, एवढी हेरखाती, एवढे सॅटेलाइट, एवढा पैसा, आणि ह्या माणसाला समोरचं कळत नाही होय? तर नाही कळत. आणि त्याचं कारण त्या माणसाच्या अकलेत शोधू नका, तो जिथे बसलाय त्या खुर्चीत शोधा.

आधी हुकूमशाही म्हणजे नक्की काय ते ठरवून घेऊ, कारण हल्ली जरा कडक साहेब भेटला तरी लोक हुकूमशहा म्हणतात. इथे अर्थ एवढाच, की वरच्या माणसाला खालचे लोक काढू शकत नाहीत, पण तो मात्र कोणालाही काढू शकतो, नोकरीतून, घरातून, वेळ पडली तर जगातून. मग तो राजा असो, जनरल असो की पक्षाचा सेक्रेटरी.

देवगडची बाग, डोंबिवलीचा मालक

समजा एकाची देवगडात चारशे कलमांची हापूसची बाग आहे आणि तो स्वतः राहतो डोंबिवलीला. बागेत राखणदार, त्याच्यावर मुकादम, आणि हिशोब बघायला गावातलाच एक चुलतभाऊ. जानेवारीत मोहोरावर तुडतुडे आले. राखणदाराने इमानेइतबारे फोन केला, "मालक, तुडतुडो पडलो हा." मालक भडकला, फवारणीचे पैसे कुठे घातलेस, तुला काही जमत नाही, आणि त्याला हाकलला. दुसऱ्या वर्षी नवीन राखणदार आला. ह्याने आधीच्याचं काय झालं ते ऐकलंय. पुन्हा तुडतुडे आले. आता हा काय सांगेल? "मोहोर बरो इलो हा, मालक."

हा माणूस खोटारडा नाही हे लक्षात घ्या. त्याने हिशोब केलाय. खरं सांगितलं तर नोकरी आज जाते. नाही सांगितलं तर नुकसान दिसणार मे महिन्यात, तोवर चार पगार खिशात, आणि तेव्हा अवकाळीवर ढकलता येईल, फळगळीवर ढकलता येईल, फवारणीच्या औषधावर ढकलता येईल. वाईट बातमी सांगणाऱ्याला शिक्षा लगेच आणि एकट्याला. लपवण्याची शिक्षा उशिरा, आणि तीही दहा जणांत वाटून.

बरं, साखळीत प्रत्येक जण थोडंथोडं घासतो. राखणदार मुकादमाला म्हणतो तुडतुडे आहेत पण आटोक्यात आहेत, मुकादम चुलतभावाला म्हणतो किरकोळ आहे, फवारलंय, आणि चुलतभाऊ डोंबिवलीला कळवतो की यंदा मोहोर एक नंबर. मोठी थाप एकानेही मारलेली नाही, तरी वरती पोचेपर्यंत बातमी उलटी झाली. त्या जोरावर मालक वाशीच्या दलालाकडून उचल घेऊन मोकळा.

तरी ह्या मालकाची सुटका आहे. मे महिन्यात गावी येऊन तो पेट्या मोजतो. दलाल सांगतो तुमचा माल आलाच नाही. बाजूच्या बागेतला माणूस चहाला आला की हळूच बोलून जातो. आणि राखणदाराला अगदीच नाही पटलं तर तो दुसऱ्या बागेत कामाला जातो. हुकूमशहाचा खेळ इथे वेगळा होतो, कारण दलाल, शेजारी, पेपरवाला ह्या सगळ्यांची तोंडं त्याने आधीच बंद केलेली असतात आणि राखणदाराला जायला दुसरी बागच नसते. "अहो आमच्या ऑफिसातपण साहेबाला कोणी खरं सांगत नाही" असं म्हणणाऱ्यांना उत्तर हेच, की रोग तोच आहे पण तुम्ही राजीनामा देऊ शकता.

साडेसहा गुंठ्यांत अठरा टन भात

ह्या सगळ्याचं जगातलं सगळ्यात भयंकर उदाहरण चीनचं आहे, १९५८ ते १९६२ मधलं, आणि ते जरा सावकाश बघायला हवं कारण प्रत्येक पायरी दिसते.

सुरुवात १९५७ पासून करावी लागते. त्याच्या आदल्या वर्षी माओने स्वतःच लोकांना सांगितलं होतं की टीका करा, मोकळेपणाने बोला, शंभर फुलं उमलू द्या. आधी लोक बिचकले, मग १९५७ च्या वसंतात बोलायला लागले आणि जरा जास्तच बोलले. माओने गिअर बदलला आणि जे बोलले त्यांनाच उजवे, म्हणजे क्रांतीचे विरोधक, म्हणून धरलं. साडेपाच लाखांच्या आसपास लोकांवर तो शिक्का बसला, कोणाची नोकरी गेली, कोणाला मजुरीच्या छावणीत धाडलं. ह्यातून देशभरच्या अधिकाऱ्यांना जो धडा मिळायचा तो मिळाला.

मग १९५८ साली 'मोठी झेप' जाहीर झाली. शेती सामुदायिक, जेवण सामुदायिक, आणि उत्पादन काही वर्षांत कुठल्या कुठे न्यायचं. आता प्रत्येक तालुक्याच्या सेक्रेटरीपुढे प्रश्न आला, बाजूचा तालुका दुप्पट पीक सांगतोय, मी खरा आकडा सांगितला तर मी आळशी ठरेन किंवा उजवा ठरेन. मग हा तिप्पट सांगणार. ऑगस्ट १९५८ मध्ये पक्षाच्या पेपरात हुपै प्रांतातल्या माचंग इथली बातमी आली, एका मू जमिनीत ३६,९०० जिन भात. आपल्या हिशोबात साडेसहा गुंठ्यांत अठरा टनांवर. आमच्याकडे तेवढ्या जागेत दोन-तीन क्विंटल भात झालं तर माणूस खूश असतो. पिकावर पोरं उभी राहिलेला फोटोसुद्धा छापला होता, इतकं म्हणे दाट पीक. अशा ठिकाणी युक्ती काय असायची, तर आजूबाजूच्या शेतांतलं तयार भात उपटून आणून एका तुकड्यात दाटीवाटीने खोचायचं. कोकणातल्या कुठल्याही शेतकरी बाईला नुसता फोटो दाखवला असता तरी तिने ओळखलं असतं, पण तिला विचारणार कोण.

माओला हे खरं वाटत होतं का? तो स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. पण त्याच ऑगस्टमध्ये शूश्वेइ नावाच्या तालुक्याला भेट दिल्यावर तो तिथल्या लोकांना विचारत होता की एवढं धान्य झाल्यावर त्याचं करणार काय, खाणार कसं. वर्षाअखेर देशाचं धान्य उत्पादन जाहीर झालं ३७.५ कोटी टन. खरं पीक होतं २० कोटी टनांच्या आसपास.

आता इथे गोष्ट थापेची राहत नाही, जीवावर येते. कारण सरकारने धान्याची वसुली जाहीर आकड्यावर धरली. कागदावर जेवढं पिकलं त्याचा हिस्सा म्हणून घेऊन जायचं ठरवलं, तर खेड्यात खरं तेवढं नव्हतंच, मग खाण्याचं गेलं, मग बियाण्याचं गेलं. धान्य सापडत नाही म्हटल्यावर आकडा चुकला असं म्हणायची कोणाची टाप नव्हती, त्यापेक्षा शेतकऱ्यांनी लपवलंय हे सोपं होतं, म्हणून घरं झडली, माणसं मारली. १९५९ साली चीनने ४० लाख टनांवर धान्य परदेशात विकलं, खेड्यात लोक झाडाच्या साली खात असताना.

एक माणूस बोलला. संरक्षणमंत्री फंग दह्वाइ, जुना सेनापती, माओचा लढाईतला सोबती. हा आपल्या गावाकडे जाऊन डोळ्याने बघून आला होता. जुलै १९५९ मध्ये लूशानच्या बैठकीत त्याने माओला एक पत्र दिलं, खासगी, भाषा अगदी सांभाळून, आधी कौतुक मग चुका. माओने ते पत्र छापून सगळ्यांना वाटलं आणि भर बैठकीत त्याचा समाचार घेतला. फंगचं मंत्रिपद गेलं, आणि त्याच्यासारखे 'उजवे संधिसाधू' शोधायची नवी मोहीम देशभर निघाली. म्हणजे आकडे थोडे खाली यायला लागले होते ते परत फुगले. १९६० हे सगळ्यात वाईट वर्ष ठरलं. एकूण किती माणसं गेली ह्याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत.

ह्याच्याशेजारी आपल्याकडची पैसेवारी, म्हणजे गावात पीक किती आलं ह्याचा सरकारी अंदाज, ठेवून बघा. ती ५० पैशांच्या खाली असेल तरच दुष्काळ धरतात. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या वर लागली की शेतकरी ओरडतात, सरपंच तहसीलदाराकडे जातो, आमदार सभागृहात कागद फडकावतो, पेपरात सुकलेल्या शेताचा फोटो येतो. भांडण कटकटीचं असतं, त्यात राजकारण असतं, कधी खालूनही आकडा मुद्दाम कमी दाखवायची धडपड असते. पण सरकारी आकड्याला कोणीतरी तोंडावर खोटं म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी घरीच असतं.

पण मग हेर कशाला पोसलेत?

हा पहिला आक्षेप सगळ्यांच्या तोंडी असतो. खालचे अधिकारी खोटं बोलतात हे हुकूमशहालाही माहीत असतं की, म्हणून तर तो हेर ठेवतो. बरोबर. पण हेरालाही साहेब तोच असतो.

स्टालिनचं बघा. २२ जून १९४१ ला हिटलरने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला. त्याआधी कित्येक महिने इशारे येत होते. टोकियोतून रिचर्ड झोर्ग हा हेर कळवत होता, चर्चिलने कळवलं होतं, बर्लिनमध्ये जर्मन हवाई मंत्रालयाच्या आतला माणूस माहिती देत होता. हल्ल्याच्या पाच दिवस आधी ह्या शेवटच्या माणसाचा रिपोर्ट स्टालिनच्या टेबलावर गेला तर त्यावर त्याने आईवरून शिवी लिहून पाठवली, की हा खबऱ्या नव्हे, दिशाभूल करणारा आहे. त्याला ठामपणे वाटत होतं की जर्मनी इतक्यात येणार नाही आणि इंग्रज आपल्याला भिडवायला बघतायत.

लष्करी हेरखात्याचा प्रमुख होता गोलिकोव्ह. त्याच्याकडे येणारी माहिती वाईट नव्हती, पण ती वर पाठवताना हल्ल्याच्या बातम्या ह्या शत्रूने पेरलेल्या अफवा असाव्यात अशी टीप तो जोडायचा. भित्रा म्हणून त्याला नावं ठेवायच्या आधी त्याच्या खुर्चीचा इतिहास बघा. त्याच खुर्चीवर बसलेले बेर्झिन आणि उरित्स्की १९३८ मध्ये गोळी घालून मारले गेले. लगेच आधीचा प्रोस्कुरोव्ह १९४० मध्ये पदावरून गेला, पुढच्या वर्षी अटक आणि मग गोळी. अशा खुर्चीवर बसून तुम्ही-आम्ही काय टीप लिहिली असती?

आणि इथे अजून एक गंमत आहे, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्टालिनपर्यंत खरी माहिती पोचली होती, तरी तिचा उपयोग शून्य. कारण आजूबाजूचे सगळे घाबरून बोलतात हे त्याला पक्कं ठाऊक, त्यामुळे खऱ्या रिपोर्टचीही किंमत खोट्याएवढीच झाली. दहा हेरांत एक खरा असला तरी तो कुठला हे ओळखायचं साधन त्याच्या हातात उरलं नव्हतं. मग माणूस काय करतो, आपल्याला जे आधीच वाटतंय त्याला जुळणारा रिपोर्ट खरा धरतो.

त्याच्या थोडं आधीची, १९३७ च्या जनगणनेची गोष्टपण ऐका. स्टालिनने आधीच भाषणात सांगून टाकलं होतं की १९३३ अखेर लोकसंख्या १६.८ कोटी आहे आणि भराभर वाढतेय. जानेवारी १९३७ मध्ये मोजलं तर निघाली १६.२ कोटी. मधल्या दुष्काळात मेलेले लाखो लोक त्या आकड्यात दिसत होते. जनगणनाच रद्द झाली, निकाल दाबले, आणि ती करणारे संख्याशास्त्रज्ञ पकडले गेले, त्यातल्या काहींना ठार केलं. १९३९ साली नवीन माणसांनी नवीन जनगणना केली, लोकसंख्या आली १७ कोटी.

शंभर टक्के मतं मिळूनही कळलं काय?

अधिकारी सोडा, साध्या लोकांकडूनही खरं कळत नाही. मनात एक आणि तोंडावर दुसरं, ही सवय सगळ्या समाजालाच लागते. टिमूर कुरान नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने ह्यावर बरंच काम केलंय. त्याचं म्हणणं असं, की भीतीपोटी प्रत्येक जण आपलं खरं मत लपवतो, त्यामुळे शेजाऱ्यालाही वाटतं की विरोधात मी एकटाच आहे, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. मग एखाद्या दिवशी थोडे लोक उघडपणे उठतात, बाकीच्यांना कळतं की अरे आपण एकटे नाही, आणि सगळं चार दिवसांत कोसळतं. म्हणून अशा क्रांत्या आधी कोणालाच दिसत नाहीत, नंतर मात्र सगळे म्हणतात हे होणारच होतं.

ऑक्टोबर २००२ मध्ये इराकात सद्दाम हुसेनने सार्वमत घेतलं, त्याला १०० टक्के मतं पडली. त्याच्या आधीच्या वेळी, १९९५ ला, ९९.९६ होती. सहा महिन्यांनी अमेरिकी फौजा बगदादमध्ये शिरल्यावर त्या १०० टक्क्यांपैकी किती जण त्याच्यासाठी रस्त्यावर उतरले ते आपण टीव्हीवर बघितलं. ७० टक्के मिळाली असती तर निदान कुठल्या जिल्ह्यात लोक नाराज आहेत ते तरी त्याला कळलं असतं.

रोमानियाचा चाउशेस्कू तर भर सभेत जागा झाला. २१ डिसेंबर १९८९, बुखारेस्टच्या चौकात सरकारने स्वतःच जमवलेली गर्दी, हा बाल्कनीतून भाषण करतोय, आणि मागून हुर्यो सुरू होते. त्याचा चेहरा त्या फिल्ममध्ये बघण्यासारखा आहे, त्याला समजतच नाही काय होतंय, तो नुसता हॅलो हॅलो करत राहतो. चार दिवसांनी, २५ डिसेंबरला, त्याला बायकोसकट गोळ्या घातल्या. आणि पूर्व जर्मनीत १९८९ साली स्टासी ह्या गुप्त पोलिसांचे ९० हजारांवर पगारी लोक होते, शिवाय दीड लाखावर खबरे. त्याच वर्षी जानेवारीत तिथला प्रमुख होनेकर म्हणाला होता की बर्लिनची भिंत अजून ५० वर्षं, १०० वर्षंसुद्धा उभी राहील. नोव्हेंबरात लोक तिच्यावर चढून नाचत होते.

मग तो घाबरवणं बंद का करत नाही?

सोपं वाटतं ना, जरा मऊ हो, लोक खरं सांगतील. पण भीती हीच त्याची खुर्ची धरून ठेवते. अभ्यासक ह्याला हुकूमशहाची कोंडी म्हणतात. भीती वाढवली की खुर्ची घट्ट, पण डोळ्यांवर पट्टी. भीती कमी केली की दिसायला लागतं, पण जे दिसतं ते लोकांनाही दिसतं. सोव्हिएत युनियनमध्ये गोर्बाचेव्हने १९८० च्या दशकात मोकळीक दिली, पेपरांतून खरं यायला लागलं, स्टालिनच्या काळातले मुडदे वर आले, आणि १९९१ मध्ये देशच राहिला नाही. बाकीच्या हुकूमशहांनी त्यातून काय धडा घेतला असेल ते वेगळं सांगायला नको.

अर्थात हे लोक बुद्धू नसतात, मधले मार्ग काढतात. चीनमध्ये सरकारी वृत्तसंस्था नेत्यांपुरती वेगळी गुप्त बातमीपत्रं काढते, जी लोकांना वाचायला मिळत नाहीत, त्यात भ्रष्टाचार, दंगे, अपघात असं बरंच खरं असतं. लोकांना थेट वर अर्ज करायचीही सोय आहे, खेड्यातला माणूस बीजिंगला जाऊन तक्रार देऊ शकतो. छान. आता कुठल्या भागातून किती तक्रारदार आले ह्यावर तिथल्या अधिकाऱ्याची बढती अवलंबून ठेवली. तर त्या अधिकाऱ्यांनी काय करावं? तक्रारी सोडवणं कठीण, म्हणून बीजिंगमध्ये माणसं ठेवून आपल्या भागातले तक्रारदार रस्त्यातच धरायचे, कुठल्यातरी लॉजमध्ये कोंडायचे आणि परत गावी पाठवायचे. ह्या बेकायदा कोठड्यांवर ह्यूमन राइट्स वॉचने २००९ मध्ये सविस्तर रिपोर्ट काढला होता. वरून पाहिलं तर तक्रारी घटल्या.

"आमचे महाराजपण राजेच होते की"

हा आक्षेप येणारच, आणि आला पाहिजे. निवडणूक नव्हती, पेपर नव्हता, तरी शिवाजी महाराजांना रयतेचं खरं कसं कळायचं? चिपळूणजवळ छावणीला असलेल्या जुमलेदार-हवालदारांना त्यांनी १६७४ मध्ये लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात काय आहे बघा. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा नि गवत आत्ताच उधळाल तर पडत्या पावसात घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, मग तुम्ही गावात जाऊन कुणब्याकडून ओरबाडाल आणि लोक म्हणतील ह्यांच्यापेक्षा मोगल परवडले. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात उचलून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत.

कोकणातल्या छावणीत उंदीर काय करतो हे ज्या राजाला माहीत आहे त्याच्याशी खालची माणसं बोलत असणार हे उघड आहे. आणि लोक आपल्या फौजेला शिव्या देतील ही शक्यता तो स्वतःच्या हाताखालच्यांना लेखी कळवतो, म्हणजे ती गोष्ट बोलायला त्याच्या दरबारात बंदी नव्हती. तर हो, असा राज्यकर्ता होऊ शकतो. पण ते सगळं त्या एका माणसाच्या स्वभावावर उभं असतं, आणि पुढच्या गादीवर कोण बसणार ते रयतेच्या हातात नसतं. आपल्या गोष्टींमधला चांगला राजासुद्धा रात्री घोंगडी पांघरून वेष बदलून गावात हिंडतो, कारण मुकुट घालून गेला तर त्याला कोणी काही सांगणार नाही हे गोष्ट सांगणाऱ्या आजीलाही माहीत होतं.

लोकशाहीत काय कमी खुशमस्करे आहेत?

भरपूर आहेत. गल्लीपासून दिल्लीपर्यंत, पक्ष कुठलाही घ्या. फरक असा, की लोकशाहीत नेत्याच्या भोवती सगळे होयबा जमले तरी त्यांना वळसा घालून माहिती आत येते, पेपरातून, कोर्टातून, विरोधी पक्षातून, मोर्चातून. नेत्याला ती आवडत नाही, पण येते. १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्यातलं पीक झोपलं होतं. पण पेपरांत रोज खडी फोडणाऱ्या बायकांचे फोटो, विधानसभेत गोंधळ, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ह्यांचे महागाईविरोधी लाटणे मोर्चे. सरकारला झोपायची सोयच नव्हती. १९७३ च्या उन्हाळ्यात सरकारी कामांवर जवळपास ५० लाख लोक होते. हाल झाले, गुरं मेली, पण चीनसारखी माणसं मेली नाहीत. अमर्त्य सेन हेच सांगत आलेत, की जिथे पेपर मोकळे आणि निवडणुका खऱ्या तिथे मोठा भूकबळी होत नाही.

आणि हेच वळसे आपण एकदा बंद करून बघितलेत. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली, पेपरांवर सेन्सॉर बसला, विरोधक आत गेले. आमच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते बंगळुरात होते, तिथेच पकडले गेले, वाजपेयी-अडवाणींबरोबर तिथल्या तुरुंगात. मग दीडेक वर्ष दिल्लीला सगळं छान छानच ऐकू आलं. गाड्या वेळेवर, ऑफिसं वेळेवर. १९७६-७७ ह्या एका वर्षात ८० लाखांवर नसबंदीची ऑपरेशनं झाली, टार्गेट ओलांडल्याचे रिपोर्ट वर जात होते, पण ती कशी केली आणि उत्तरेतली गावंच्या गावं त्यावर काय बोलतायत हे कुठल्या रकान्यात भरायचं होतं? जानेवारी १९७७ मध्ये इंदिराबाईंनी स्वतःहून निवडणूक जाहीर केली. जिंकणार असे अंदाज त्यांना दिले गेले होते असं त्या काळावर लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी नोंदवलंय. काँग्रेस ३५२ वरून १५४ वर आली, रायबरेलीत त्या स्वतः पडल्या. राजापुरातून दंडवते निवडून आले आणि रेल्वेमंत्री झाले. सेकंड क्लासच्या लाकडी फळीवर गादी आली ती त्यांच्या काळात, हे आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात.

तरी एक गोष्ट इंदिराबाईंच्या पदरात टाकायला हवी, की मोजणी खरी झाली आणि निकाल आल्यावर त्यांनी तो मानला.

आता कॅमेरे आहेत, मोबाइल आहेत, एआय आहे

हा नवा आक्षेप आहे आणि तो वाटतो तेवढा फालतू नाही. माणूस घाबरतो, मशीन घाबरत नाही, मग खालून येणारा डेटा मशीननेच गोळा केला तर?

चीनने हे करून बघितलंय. २००३ मध्ये सार्सची साथ लपवली गेली, त्याची नाचक्की झाली, म्हणून नंतर देशभर एक कॉम्प्युटर यंत्रणा उभारली. कुठल्याही हॉस्पिटलमधून संशयास्पद साथीची नोंद थेट बीजिंगला, मध्ये स्थानिक साहेब नाहीतच. कागदावर ह्यापेक्षा चांगलं काही सुचणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये वूहानच्या हॉस्पिटलांत विचित्र न्यूमोनियाचे पेशंट यायला लागले तेव्हा यंत्रणा चालू होती. पण नोंद करायच्या आधी हॉस्पिटलं स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांना विचारत बसली, टाकू का, आणि वरून येत होतं थांबा, आधी खात्री करा. वर्षाच्या सुरुवातीला तिथे मोठ्या राजकीय बैठका होत्या, अशा वेळी आपल्या शहरातून साथीची बातमी कोणाला पाठवायची असते.

त्याच दिवसांत तिथले डोळ्यांचे डॉक्टर ली वेनलियांग ह्यांनी आपल्या बरोबरच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, सांभाळा, सार्ससारखं काहीतरी आहे. ३ जानेवारी २०२० ला पोलिसांनी बोलवून त्यांच्याकडून कागदावर सही घेतली, की तुम्ही अफवा पसरवलीत, पुन्हा असं करणार नाही. त्या कागदावर छापील प्रश्न आहेत, हे जमेल का, समजलं का, आणि खाली त्यांच्या हातचं उत्तर, जमेल, समजलं. ७ फेब्रुवारीला त्याच आजाराने ते गेले, वय ३३.

लोक इतके चिडले की बीजिंगहून चौकशीचं पथक आलं. मार्चमध्ये ती ताकीद मागे घेतली, घरच्यांची माफी मागितली, आणि चूक झाली म्हणून शिक्षा कोणाला झाली, तर त्या ठाण्यातल्या दोन पोलिसांना. वरून जे अपेक्षित होतं तेच ज्यांनी केलं, त्यांना. पुढच्या वेळी त्या ठाण्यातला माणूस कुठला कागद वर पाठवेल आणि कुठला नाही, ते आता तुम्हीच सांगा.